बंदुकीचा दोष की हाताचा?
(कारखान्यातील बोल्टची रायफल आणि अचूक नेम)

कलबुर्गीच्या किल्ल्यात सहलीला गेलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याने तेथील ‘बारा गजी’ तोफ पाहिली असेलच. सुमारे २९ फूट लांबीचे ते लोखंडी धूड पाहून लहान मुले तोंडात बोट घालतात आणि मोठी माणसे शेजारी उभे राहून छायाचित्र काढून घेतात. बिदरच्या किल्ल्याच्या बुरुजांवरही लोखंडी पट्ट्या आणि कड्या जोडून घडविलेल्या प्रचंड तोफा पाहावयास मिळतात. अशा एका सहलीत आमच्या एका विद्यार्थ्याने आम्हांस विचारले, “सर, एवढी लांब तोफ म्हणजे हिचा नेम फारच अचूक असेल, नाही का?” प्रश्न साधा होता, परंतु त्याचे उत्तर साधे नव्हते. लांबी, वजन आणि आवाज या गोष्टी डोळ्यांत व कानांत भरतात. अचूकपणा मात्र अशा ठिकाणी दडलेला असतो की, तेथे डोळा सहसा पोहोचतच नाही. त्या विद्यार्थ्यास जे उत्तर द्यावयाचे राहिले, ते या लेखात देण्याचा आमचा विचार आहे.

हा विषय निवडण्यास आणखीही एक कारण आहे. १९४८ साली राष्ट्रीय छात्रसेनेची स्थापना झाली. तेव्हापासून शाळा-महाविद्यालयांतील हजारो मुलामुलींच्या हाती .२२ रायफल आयुष्यात प्रथम आली ती छात्रसेनेच्या चांदमारीवर. गोळी चुकली की मुलगा म्हणतो, “बंदूकच वाकडी आहे.” शिक्षक म्हणतात, “तुझा हातच वाकडा आहे.” या दोहोंपैकी खरे कोण, हे ठरवावे कसे? या प्रश्नाचे उत्तर न शोधता निकाल दिल्यामुळे आमच्या हातून एकदा एका मुलावर अन्याय घडला. ती हकीगत पुढे येईलच.

नळीतील मळसूत्र

जुन्या तोफांची आणि गावाकडच्या ठासणीच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असे. त्या नळीतून निघालेला गोळा आत इकडेतिकडे आपटत बाहेर पडे आणि शेवटचा धक्का ज्या बाजूला बसेल तिकडे कलत जाई. नळी २९ फूट केली तरी हा दोष जात नाही. पुढे युरोपातील कारागिरांनी नळीच्या आत मळसूत्री खाचा पाडल्या. या खाचांत शिशाची गोळी घट्ट रुतते आणि स्वतःभोवती फिरत बाहेर पडते. फिरता भोवरा जसा आपला आस सोडत नाही, तशी फिरती गोळीही आपली दिशा सोडत नाही. बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने १७४२ साली लंबकावर गोळ्या झाडून त्यांचा वेग मोजला आणि तोफविद्येस शास्त्राचा पाया दिला. गोळीच्या फिरण्याचे महत्त्वही त्याने ओळखले होते.

हा भोवरा किती वेगाने फिरतो, हे गणिताने सहज काढता येते. .२२ रायफलीच्या नळीत साधारणपणे १६ इंचांत, म्हणजे सुमारे ४०.६ सेंटिमीटरांत, एक पूर्ण वेढा असतो. गोळीचा वेग सेकंदास ३२५ मीटर धरला तर ३२५ ला ०.४०६ ने भागून उत्तर येते ८००. एका सेकंदात आठशे फेरे! आपल्या हातून सुटलेला कोणता भोवरा असा फिरेल?

मळसूत्री नळीचे हे शस्त्र आपल्या इतिहासातही येऊन गेले आहे. १८५७ च्या उठावाची ठिणगी ज्या चरबीच्या काडतुसांनी पडली, ती एन्फिल्डच्या मळसूत्री बंदुकीचीच काडतुसे होती.

दाराचा अडसर आणि बोल्ट

ठासणीच्या बंदुकीत दारू व गोळी तोंडाकडून भरावी लागे. मागून काडतूस भरता यावे आणि बार उडताना मागचे दार पक्के बंद राहावे, यासाठी जी युक्ती निघाली तीच बोल्टची. दाराचा अडसर पुढे सारून फिरवावा व खाचेत अडकवावा, अगदी तसाच हा बोल्ट. प्रशियात १८४१ साली ड्रायझेची अशी बंदूक सैन्याने स्वीकारली. पुढे जर्मनीत पॉल माउझरची १८९८ ची रायफल प्रसिद्धीस आली. स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या जेम्स पॅरिस ली याने अमेरिकेत तयार केलेल्या बोल्टवरून इंग्लंडची ली-मेटफर्ड (१८८८) आणि ली-एन्फिल्ड (१८९५) ही रायफल सिद्ध झाली. आपल्या देशात बंगालमधील इशापूरच्या कारखान्यात ही ली-एन्फिल्ड दीर्घकाळ बनत असे. १९६२ च्या चीन युद्धानंतर त्याच आराखड्यावर, परंतु अधिक बळकट पोलादाची, ७.६२ मिलिमीटर काडतुसाची रायफल तेथे तयार झाली. परवानाधारक नागरिकांसाठी .३१५ ची रायफलही त्याच घराण्यातली.

आज आपोआप भरणाऱ्या बंदुका असताना अचूक नेमबाजीत बोल्टचीच रायफल का टिकून राहिली? कारण, चाप ओढल्यापासून गोळी बाहेर पडेपर्यंत तिच्यात फारच थोडे भाग हलतात आणि प्रत्येक वेळी दार त्याच जागी, त्याच घट्टपणाने बंद होते. अचूकपणा म्हणजे दुसरे काय? तीच गोष्ट पुन्हा पुन्हा त्याच रीतीने घडणे, यालाच अचूकपणा म्हणतात.

पुंजका आणि केंद्र

येथे दोन गोष्टींमधील भेद नीट ध्यानात घ्यावा. समजा, एका मुलाच्या पाचही गोळ्या कागदाच्या डाव्या कोपऱ्यात, पण एका रुपयाच्या नाण्याखाली झाकतील इतक्या जवळ पडल्या. दुसऱ्याच्या गोळ्या केंद्राभोवती चहूकडे विखुरल्या आणि त्यांतील एक केंद्रात लागली. टाळ्या दुसऱ्यास मिळतात, परंतु खरा नेमबाज पहिला! त्याचा ‘पुंजका’ लहान आहे. माशी किंवा मागची खाच जराशी सरकविली की त्याच्या साऱ्या गोळ्या केंद्रात जातील. विखुरलेल्या गोळ्यांना मात्र कोणतीही खाच सरकवून एकत्र आणता येत नाही. म्हणूनच छात्रसेनेत प्रथम पुंजका पाहतात, केंद्र नंतर.

पुंजका मोजण्याचे माप म्हणजे कोनाची कला, अर्थात एका अंशाचा साठावा भाग. शंभर मीटरवर एक कला सुमारे २९ मिलिमीटर भरते, पन्नास मीटरवर साडेचौदा. आता ऑलिंपिकमधील ५० मीटर रायफलीच्या लक्ष्याकडे पाहा. त्यावरील दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा १०.४ मिलिमीटर असतो. म्हणजे एका कलेपेक्षाही लहान! दुर्बीण लावावयाची नाही. साध्या छिद्रातून पाहून उभ्याने, गुडघ्यावर बसून आणि पालथे पडून हे वर्तुळ साधावयाचे असते.

रायफल निवडावी कशी?

एकाच कारखान्यात, एकाच दिवशी, एकाच यंत्रावर तयार झालेल्या दहा रायफली एकसारख्या नेम धरीत नाहीत. हत्यार झिजत जाते, लाकूड निराळे असते, पोलादातील ताण निराळा असतो. याचे सर्वांत बोधप्रद उदाहरण दुसऱ्या महायुद्धातील आहे. इंग्लंडला तेव्हा दूरवर अचूक मारा करणाऱ्या रायफली हव्या होत्या. त्यांनी त्यासाठी नवी रायफल घडविली नाही. कारखान्यातील नेहमीच्या चाचणीत ज्या ‘नंबर ४’ रायफलींचा पुंजका विशेष लहान आला, त्या वेगळ्या काढल्या आणि लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या नामांकित बंदूककारांकडे पाठविल्या. त्या कारागिरांनी नळी बदलली नाही. लाकडातील बैठक काळजीपूर्वक जुळविली, दुर्बिणीसाठी बैठे बसविले आणि गाल टेकण्यास दस्त्यावर लाकडी उंचवटा जोडला. कोणती दुर्बीण कोणत्या रायफलीची हे चुकू नये म्हणून दुर्बिणीचा क्रमांक दस्त्यावर कोरला. शस्त्र युद्धाचे असले, तरी त्यातील धडा शांततेच्या खेळासही तितकाच लागू आहे. प्रथम चांगले निवडावे, मग थोडेच परंतु नेमके सुधारावे.

निवड करताना पुढील गोष्टी पाहतात. नळी आतून स्वच्छ, गंजरहित व एकसारखी आहे काय? नळीच्या तोंडाची कड अखंड आहे काय? गोळीला शेवटचा स्पर्श याच कडेचा होतो. तेथे एका बाजूस खरचटलेले असेल, तर मागचा वायू त्या बाजूने आधी निसटतो आणि गोळीस तिरका धक्का देतो. बोल्ट बंद केल्यावर त्याचे दोन्ही खिळे सारखे टेकतात काय? चाप ओढताना मध्येच अडखळतो काय? आणि शेवटी, दस्ता आपल्या अंगास बसतो काय? दस्ता खांद्याला लावून डोळे मिटावेत, गाल सहज टेकावा आणि डोळे उघडावेत. माशी आपोआप समोर आली तर तो दस्ता आपला. दुसऱ्याच्या मापाचा सदरा जसा खांद्यात ओढतो, तसाच दुसऱ्याच्या मापाचा दस्ताही.

या सर्वांपेक्षा मोठी परीक्षा कागदावरची. एकच पुंजका पाहून निर्णय करू नये. नशिबाने पाच गोळ्या एकदा जवळ पडतात आणि दुर्दैवाने एकदा विखुरतात. निदान चार-पाच पुंजके झाडावेत, त्यांची मापे वहीत लिहावीत आणि मगच बोलावे.

सुधारणेचा क्रम

रायफल सुधारणे म्हटले की तरुणांचे मन प्रथम जाड नळीकडे आणि मोठ्या दुर्बिणीकडे धाव घेते. आमच्या मते हा क्रम उलटा आहे. ज्याला खर्च कमी आणि फळ अधिक, त्यापासून आरंभ करावा.

पहिले काडतूस. रायफल तीच, माणूस तोच, पण काडतुसाची जात बदलली की पुंजका दुप्पट किंवा निम्मा होतो. याचे कारण वेगातील फरक. एक गोळी सेकंदास ३३० मीटर वेगाने आणि दुसरी ३२० मीटरने निघाली असे समजा. हवेचा अडथळा क्षणभर बाजूला ठेवला, तर पन्नास मीटर जाण्यास पहिलीस ०.१५१५ सेकंद लागेल, दुसरीस ०.१५६३. तेवढ्या काळात गुरुत्वाकर्षणाने पहिली सुमारे ११२ मिलिमीटर खाली येईल, दुसरी सुमारे ११९. फरक सात मिलिमीटरांचा. दहाच्या वर्तुळाची त्रिज्या अवघी ५.२ मिलिमीटर आहे. म्हणजे हात दगडासारखा स्थिर असूनही केवळ काडतुसामुळे गोळीचा मध्य दहाच्या वर्तुळाबाहेर जाऊ शकतो! स्पर्धेतील .२२ काडतुसांचा वेग ध्वनीच्या वेगाहून मुद्दाम कमी ठेवतात. ध्वनीचा वेग ओलांडून पुन्हा खाली येताना गोळी डळमळते, ते टाळावयाचे असते. मोठे नेमबाज एकाच कंपनीच्या निरनिराळ्या घाण्यांतील काडतुसे घेतात, रायफल शिकंज्यात आवळून प्रत्येक घाणा तपासतात आणि जो आपल्या नळीस मानवेल तोच साठवितात.

दुसरे माशी आणि छिद्र. दोहोंमधील अंतर ७५ सेंटिमीटर असेल आणि माशी एक मिलिमीटर बाजूला दिसली, तर पन्नास मीटरवर चूक किती होईल? समरूप त्रिकोणांचे गणित करून पाहा: ५०,००० भागिले ७५०, म्हणजे जवळजवळ ६७ मिलिमीटर. म्हणून मागच्या उघड्या खाचेऐवजी बारीक छिद्र लावतात. छिद्रातून पाहताना डोळा आपोआप त्याच्या मध्यावर स्थिरावतो. मनास वेगळा प्रयास पडत नाही.

तिसरी लाकडातील बैठक. हीच आमच्या प्रदेशातील लोकांनी विशेष ध्यानात घेण्यासारखी बाब आहे. बिदरचे पठार उन्हाळ्यात भाजून निघते आणि पावसाळ्यात येथील दारे-खिडक्या फुगून बसेनाशा होतात, हे आपण घरोघरी पाहतो. दाराचे लाकूड फुगते, तसेच रायफलीचेही फुगते. फुगलेले लाकूड नळीस एका बाजूने दाबते. बार उडताना नळी तारेसारखी कंप पावते. तिला एका बाजूने दाब असला, तर तो कंप दर वेळी निराळा होतो आणि गोळी निराळ्या क्षणी निराळ्या दिशेने सुटते. यावर उपाय दोन. नळी व लाकूड यांत सर्वत्र थोडी फट ठेवावी. कागदाची घडी नळीखालून सरकत मागपर्यंत गेली म्हणजे नळी मोकळी आहे असे समजावे. आणि बोल्टचा सांगाडा जेथे बसतो तेथे रेझिनचा लेप देऊन त्याचा हुबेहूब ठसा घ्यावा, म्हणजे प्रत्येक धक्क्यानंतर तो त्याच जागी परत बसतो. दस्त्याचे स्क्रू दर वेळी सारख्याच बळाने आवळावेत, हे तर सर्वांत स्वस्त औषध. परंतु हा नियमही आंधळेपणाने लावू नये. ली-एन्फिल्डची पूर्ण लाकडी रायफल पुढच्या टोकास ठराविक दाब राहील अशीच रचलेली आहे. तिची नळी मोकळी करणारा हौशी माणूस पुष्कळदा पस्तावतो. प्रत्येक रायफलीचा स्वभाव ओळखावा आणि मगच औषध द्यावे.

चौथा चाप. चाप जड असला तर तो ओढताना सारी रायफल हलते. स्पर्धेच्या रायफलीचा चाप अतिशय हलका व स्वच्छ असतो. ३०० मीटरच्या ‘स्टँडर्ड रायफल’ प्रकारात मात्र तो १,५०० ग्रॅमपेक्षा हलका नसावा असा नियम आहे. चापाचे काम केवळ जाणत्या कारागिराचे. कानस घेऊन घरी चाप घासणाऱ्याच्या हातून धक्का लागताच आपोआप उडणारी बंदूक तयार होते आणि तिचा बार शत्रूस नव्हे, घरच्या माणसास लागतो.

पाचवी आणि शेवटची नळी. जाड नळी ताठ असते व सावकाश तापते. दांड्याचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. व्यास सव्वापट केला तर ताठपणा जवळजवळ अडीचपट होतो. नळी बदलणे हे सर्वांत खर्चिक काम. ते शेवटी करावे, कारण पहिल्या चार गोष्टी नीट केल्यावर पुष्कळदा त्याची गरजच उरत नाही.

जी नळी आहे ती जपावी हे बरे. पूर्वी दोरीस चिंधी बांधून ती नळीतून ओढीत. ती दोरी नेहमी एकाच बाजूस घासून तोंडाची कड झिजवीत असे आणि चांगल्या चांगल्या रायफली साफसफाईनेच बिघडल्या. बोल्टच्या रायफलीचा बोल्ट काढून मागच्या बाजूने, सरळ दांड्याने नळी पुसता येते, हा तिचा मोठा गुण होय.

या साऱ्या सुधारणांस एकच सोनेरी नियम आहे: एका वेळी एकच बदल करावा आणि त्याचा परिणाम मोजून लिहावा. काडतूस, माशी आणि दस्ता एकदम बदलले आणि पुंजका सुधारला, तर श्रेय कोणास द्यावयाचे? प्रयोगशाळेत आपण जे शिकतो, तेच चांदमारीवर.

आमची चूक

आता ती हकीगत. पुष्कळ वर्षांपूर्वी एका विद्यार्थी-शिबिरात नेमबाजीच्या संघासाठी मुलांची निवड करण्याचे काम आमच्याकडे आले. आळंद तालुक्यातील एका खेड्यातला, तूर पिकविणाऱ्या शेतकऱ्याचा मुलगा त्यांत होता. सकाळी त्याचा पुंजका उत्तम आला. दुपारी त्याच रायफलीवर त्याच्या गोळ्या वरखाली विखुरल्या. तो उठून आमच्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, “सर, आतून कायतरी हलायलंय.” आम्हांस ती सबब वाटली. सर्वांदेखत आम्ही त्यास म्हणालो, “बंदूक नव्हे, तुझे मन हलते आहे,” आणि त्याचे नाव यादीतून खोडले. मुले हसली. तो काहीच बोलला नाही.

चार-पाच दिवसांनी आर्मररने सर्व रायफली तपासल्या. त्या रायफलीच्या दस्त्याचा पुढचा स्क्रू सैल होता. अर्धा फेरा फिरला तेव्हा कोठे तो आवळला. प्रत्येक बाराबरोबर सांगाडा लाकडात किंचित सरकत होता. मुलगा अक्षरशः खरे बोलला होता. ‘आतून काहीतरी हलते आहे’, यापेक्षा अचूक निदान आर्मररलाही करता आले नसते! तोवर संघ निघून गेला होता. आम्ही त्या मुलाच्या गावी गेलो व क्षमा मागितली. तो संकोचला आणि म्हणाला, “सर, पुढल्या वर्षी आधी स्क्रू बघा.”

त्या दिवसापासून आमच्या हाताखालील मुलाच्या गोळ्या विखुरल्या, की आम्ही तीन गोष्टी क्रमाने करतो. स्क्रू पाहतो. तीच रायफल दुसऱ्या मुलास देतो. आणि त्या मुलास दुसरी रायफल देतो. दोष माणसाबरोबर गेला तर तो माणसाचा. रायफलीपाशी राहिला तर रायफलीचा. ही परीक्षा दहा मिनिटांची. आम्ही ती दहा मिनिटे वाचविली आणि एका मुलाचे एक वर्ष घालविले.

कायदा आणि काळजी

वाचकहो, येथे काही गोष्टी स्पष्टपणे सांगणे आमचे कर्तव्य आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्यावाचून बंदूक बाळगता येत नाही. दुरुस्तीचा धंदाही परवानाधारकानेच करावयाचा असतो. नळी आखूड करणे हा तर स्वतंत्र गुन्हा आहे. म्हणून वर सांगितलेले ज्ञान समजून घेण्यासाठी आहे. घरातील जुनी बंदूक खोलून पाहण्यासाठी नव्हे. आपल्या बिदर भागात काळवीट दिसतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना अभय दिले आहे. नेमबाजाचे लक्ष्य कागदाचे असते आणि ते कागदाचेच असावे. रायफल रिकामी आहे असे कोणी सांगितले तरी ती भरलेली आहे असे मानावे, तिचे तोंड माणसाकडे कधीही करू नये आणि नेम धरेपर्यंत बोट चापावर ठेवू नये.

मराठी नेमबाजांची वाट

या खेळात मराठी माणसाचा वाटा थोडा नाही. १९५१ साली भारतीय राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली, तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष होते लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब मावळंकर. त्यांच्या नावाची स्पर्धा आजही उगवत्या नेमबाजांची पहिली मोठी पायरी मानली जाते. अंजली भागवत यांनी महाविद्यालयात असताना छात्रसेनेतून नेमबाजीत पाऊल टाकले आणि २००० साली सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीपर्यंत मजल मारली. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिक येथे ५० मीटर प्रोन प्रकारात ६०० पैकी ५९७ गुण मिळवून जागतिक अजिंक्यपद पटकाविले. आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलीच्या तीन स्थितींच्या स्पर्धेत ४५१.४ गुणांनी कांस्यपदक मिळविले. या प्रकारात भारताचे ते पहिलेच पदक.

राधानगरीतील ते खेडे आणि आमचे आळंद, औराद, भालकी यांत फार मोठे अंतर आहे असे आम्हांस वाटत नाही. स्पर्धेच्या परदेशी रायफलीची किंमत लाखांत जाते, हे खरे. परंतु त्या रायफलीपाशी पोहोचण्याआधीचा मार्ग छात्रसेनेच्या.२२ वरून आणि दहा मीटरच्या एअर रायफलीवरून जातो. तेथे लागते ती स्थिर बैठक, संथ श्वास आणि प्रामाणिक वही. पालकांस आमचे एवढेच सांगणे, की मुलाच्या हाती महाग साधन देण्याची घाई करू नये. आधी त्यास साध्या साधनाचे पूर्ण मोल वसूल करू द्यावे.

कलबुर्गीच्या किल्ल्यातील त्या विद्यार्थ्यास आमचे उत्तर आता देता येईल. बाळा, बारा गजी तोफेचा दरारा मोठा होता; परंतु अचूकपणा लांबीत नसतो. तो नळीच्या तोंडाच्या केसभर कडेत असतो, काडतुसातील दारूच्या सारखेपणात असतो आणि लाकडात घट्ट बसलेल्या एका स्क्रूत असतो. आणि दोष कोणाचा, हे बोलण्यापूर्वी तपासून पाहणाऱ्या माणसाच्या मनात तर तो सर्वांत आधी असावा लागतो.